मुलीला विचारतात का?

माहेर रत्नागिरीचं, बोली कोकणी-मराठी, म्हणून इंदूरच्या आमच्या गल्लीत चैत्राच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मलाही असतं. आंब्याची डाळ हातावर पडली की कुणीतरी काकू हळूच विचारतातच, "तुमच्यात मुलीला विचारतात का गं लग्नाचं?"

विचारतात. वकील, म्हणजे कोर्टातला नव्हे, मुलीच्या वतीने बोलणारा, आणि दोन साक्षीदार मुलीच्या खोलीत येतात, मुलाचं नाव नि मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम सांगून इजाजत मागतात. मग बाहेर काझी निकाह पढवतात.

माझ्या वेळी वकील म्हणजे सख्खे मामा. खोलीत बायकांची ही गर्दी, ओढणी नाकापर्यंत. मेहरचा आकडा मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. तोंड उघडणार तोच मागून चाचीने डोकं अलगद खाली दाबलं. मामा म्हणाले, "झालं." मुलगा मला पसंत होता, तक्रार ती नाही. पण ती मान मी हलवली नव्हती.

कुमारिका लाजून गप्प राहिली तर तो होकार, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. विधवेने, तलाक झालेलीने मात्र तोंडाने सांगायला हवं. लाजरीला दिलेल्या सवलतीची घरच्यांनी पळवाट केली, असं माझं मत. खन्सा बिन्त खिदाम या आधी लग्न झालेल्या बाईचं लग्न वडिलांनी तिच्या मनाविरुद्ध लावलं. ती पैगंबरांकडे गेली आणि त्यांनी ते रद्द केलं. हे बुखारीच्या हदीससंग्रहात आहे, पण आमच्याकडे कुणी मुलींना सांगत नाही.

शिवाय आम्ही कोकणातले शाफई पंथाचे, आमच्यात मुलीचा वली, म्हणजे वडील किंवा पालक, लागतोच. सासर हनफी पंथाचं, त्यांच्यात सज्ञान मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. सासूबाई यावरून मला अजून चिडवतात.

"आणि लहानपणीच लावून दिलं तर?" हा काकूंचा पुढचा प्रश्न. १९३९ च्या कायद्याने, १५ वर्षांच्या आत लावलेलं लग्न मुलगी १८ ची होण्याआधी नाकारू शकते, नवराबायकोचे संबंध आले नसतील तर.

गेल्या वर्षी खजरान्यात पुतणीचा निकाह होता. वकिलांनी विचारलं तशी ती ओढणीतून म्हणाली, "मेहर नकद की उधार?" कुणीतरी फिस्सकन हसलं. वकिलांनी कागद उलटापालटा केला, बाहेर गेले, दहा मिनिटांनी परत आले. "नकद." मग ती म्हणाली, "कबूल."

मी तिच्या मागेच बसले होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून.