टबाला कल्हई

आमच्या न्हाणीघरातल्या टबात गेल्या चाळीस वर्षांत कोणी आंघोळ केलेली नाही. सासऱ्यांनी तो पाचगणीच्या एका बंगल्याच्या मोडीतून घेतला, टेम्पोत घालून पसरणी घाटातून साताऱ्याला आणला आणि सहा जणांनी घाम गाळून आत बसवला. आठवडाभरात हौस फिटली. एका टबाच्या पाण्यात अख्ख्या घराच्या आंघोळी होतात हे सासूबाईंच्या लक्षात आलं आणि टबाचा हौद झाला. पाणी टबात साठवायचं, आंघोळ शेजारी पाटावर बसून तांब्याने करायची.

गेल्या वर्षी नळाखालचा तपकिरी ओघळ थेट तळापर्यंत पोचला. तळाशी तळहाताएवढा मुलामा उडून काळं लोखंड दिसायला लागलं. प्लंबर म्हणाला, "फोडून काढू काकू, घणाचे चार घाव." भंगारवाल्याने किलोचा भावही सांगितला. हे तयारच होते. मीच आडवी आले.

आधी टब कशाचा आहे ते बघितलं. फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं, ते घट्ट चिकटलं. म्हणजे फायबर नाही. बोटाने ठोकलं तर पत्र्यासारखा खणखणाट नाही, दगडावर ठोकल्यासारखा बद्द आवाज. बिडाचा टब, वर एनॅमल. आजीच्या टमरेलावर असायचं तेच.

मला वाटलं होतं, कल्हईसारखं काहीतरी करता येईल. आमच्या लहानपणी दारात भट्टी लागायची, नवसागराचा पांढरा धूर निघायचा आणि काळं पातेलं क्षणात चांदीसारखं व्हायचं. पण कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशाला वितळतं, कोळशाच्या शेगडीवर भागतं. एनॅमल म्हणजे काच. काचेची पूड लोखंडावर ८०० अंशांच्या आसपास भाजून बसवलेली असते. दीडशे किलोच्या टबाला तशी भट्टी घरी कुठली? तेव्हा घरी जे करता येतं तो मुलामा नव्हे, रंग. दोन डब्यांचा इपॉक्सी रंग, एकात राळ, दुसऱ्यात हार्डनर. हे एकदा मान्य केलं की अपेक्षा ताळ्यावर येतात.

रंगापेक्षा त्याआधीची घासपूस मोठी. इथे एक कबुली देते. टबाची रया मीच घालवली होती. दर दिवाळीला डाग काढायला ॲसिड ओतायचे. ॲसिडने काचेची चकाकी जाते, पृष्ठभाग खरबरीत होतो, त्यात मळ जास्त बसतो, मग पुढच्या दिवाळीला आणखी ॲसिड. वीस वर्षं हे चाललं आणि मी दोष देत होते पाण्याला.

गंजाचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने काढले, साबणाचा थर धुण्याच्या सोड्याने. मग पाण्याचा पॉलिश पेपर, आधी २२० नंबर, मग ४००. पेपर ओलाच चालवायचा, कारण जुन्या एनॅमलमध्ये शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं तर ती धूळ छातीत जाते. संपूर्ण टब निस्तेज, खडूसारखा दिसेपर्यंत घासायचा. चकाकणारी एक पट्टी राहिली तरी रंग तिथून सुटतो. मला तीन दुपारी लागल्या आणि खांदे आठवडाभर दुखत होते.

उडालेल्या जागी काय भरायचं हे आमच्या ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचारलं. गाडीचे पोचे बुजवायला भरतात ती लांबी भरू का म्हटलं, तर मान हलवली. "काकू, हितं लांबी नका भरू. पाण्यात ऱ्हायली की सुटती." लांबी पाणी शोषते, म्हणून गंज खरवडून इपॉक्सीची पुटी भरली आणि वाळल्यावर घासून सपाट केली.

जुना काही रंग असेल तर काढायला स्ट्रिपर आणू का, असंही मनात आलं होतं. वाचलं आणि सोडून दिलं. मेथिलीन क्लोराइडवाल्या स्ट्रिपरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टबाच्या पोटात साठते आणि आपण नेमके तिथे वाकलेले असतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टबांचं काम करणारे किमान १३ जण अशाने गेले. इपॉक्सी रंगालाही तोंडावर रुमाल बांधून भागत नाही. वाफ अडवणारी डबी लावलेला मास्क लागतो आणि खिडकी, एक्झॉस्ट फॅन चालू लागतो. आमच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे. त्याचा सिलिंडर आधी बंद केला, कारण थिनरच्या वाफेत ठिणगी म्हणजे काय ते सांगायला नको.

आता फजिती. पावसाळ्यात पाण्याची ददात नसते, टब आठवडाभर रिकामा ठेवता येईल, म्हणून मी जुलै निवडला. हिशेब पाण्याचा केला, हवेचा केलाच नाही. अजिंक्यतारा चार दिवस ढगात होता, भिंतींना घाम सुटलेला. रंग लावला तेव्हा झकास दिसला. सकाळी बघते तर वर दुधाळ, तेलकट साय. हार्डनरने दमट हवेतला ओलावा धरला होता. शिवाय नळाच्या कडेने रंग फाटून बारीक खळगे पडले होते. तिथलं जुनं सिलिकॉन मी काढलं होतं, पण बोटाने ओढून. त्याचा न दिसणारा थर राहिला होता आणि सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही.

आणि मग उरलेला रंग मगात तसाच ठेवला होता, तो आपोआप तापला. मगाचा आकारच वाकडा झाला. मिसळलेलं इपॉक्सी खोल भांड्यात साठून राहिलं की स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं, पसरट ताटलीत ओतलं तर वेळ मिळतो. लवकर वाळावं म्हणून हार्डनर थोडा जास्त घालू का, असंही वाटलं होतं. ती चूक मात्र केली नाही. हे आमटीतलं मीठ नव्हे, प्रमाण चुकलं तर रंग कायमचा मऊ राहतो.

ह्यांनी भंगारवाल्याचा नंबर पुन्हा काढला. मी बोलले नाही.

दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या खणखणीत उन्हात पुन्हा सुरुवात. साय कोमट साबणाच्या पाण्याने धुतली, रंग परत घासला, सिलिकॉनची कड ब्लेडने खरवडून थिनरच्या फडक्याने पुसली, फडकं दरवेळी नवं. मुख्य कॉक बंद केला, वर नळाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली, कारण एक थेंब पडला तरी सगळं मुसळ केरात. फोमचा रोलर घेऊन पलीकडच्या काठापासून सुरुवात केली, तळ शेवटी. पातळ हात दोन. जाड एक हात दिला की ओघळ येतातच. पहिल्या हाताने टब ठिपक्याठिपक्यांचा दिसला तेव्हा पोटात गोळा आला, दुसऱ्याने झाकला गेला.

सात दिवस हात लावायचा नाही, असं डब्यावर होतं. न्हाणीघराच्या दाराला मी कुलूप लावलं आणि घरच्यांना अंगणात बंबाच्या पाण्याने आंघोळ करायला लावली. आता ॲसिड बंद, नुसता साबण आणि मऊ स्पंज. खालून चिकटून बसणाऱ्या रबरी वाट्यांची चटई टाकायची नाही, उचलताना ती रंग घेऊन निघते. काठाला एक ओघळ राहिलाय, दारातून आलं की मला तोच दिसतो. दुसऱ्या कोणाला दिसत नाही.

आठव्या दिवशी कुलूप काढलं. मी म्हटलं, आज तरी कोणीतरी टबात बसा. सासूबाई काठी टेकत आल्या, पांढऱ्या काठावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान झालाय गं. भरून ठेव, उद्या पाणी नाही."