तुम्ही विचारलंत म्हणून: चंद्र आपला दगड सोडतो कसा?

दगडांचा खोका घेऊन शाळाशाळांतून फिरतो, म्हणून कोल्हापुरात मला एक प्रश्न हमखास येतो. "सर, चंद्राचे दगड पृथ्वीवर पडतात म्हणता, पण चंद्रालाही गुरुत्वाकर्षण आहे की. मग तो सोडतो कसा?" शाळेतल्या पोरानं विचारला काय आणि बिंदू चौकात चहा पिताना मित्रानं विचारला काय, प्रश्नात दम आहे.

पहिला अंदाज बहुतेकांचा ज्वालामुखीचा असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, दोनशे वर्षांपूर्वी लाप्लाससारख्या गणितज्ञालाही तेच वाटलं होतं. पण चंद्रावरचे ज्वालामुखी केव्हाच थंड झालेत. दगड उडतो तो मार बसल्यामुळे. अवकाशातून सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं एखादा लघुग्रहाचा तुकडा येऊन आदळतो, विवर पडतं आणि आजूबाजूचं सगळं उधळतं. चंद्रावरून कायमचं सुटायला सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर वेग पुरतो. पृथ्वीवरून सुटायचं तर ११.२ लागतो, वर हवेचा अडथळा वेगळाच. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे एकदा वेग मिळाला की अडवणारं कोणी नाही.

खरी गंमत पुढं आहे. एवढा वेग देणारा दणका दगडाचा चुरा करील, नाहीतर त्याला वितळवून टाकील, असं तज्ज्ञांनाही बरीच वर्षं वाटायचं. पण आदळण्याच्या जागेपासून थोडं बाजूला, अगदी पृष्ठभागालगत असलेल्या खडकाचं नशीब वेगळं असतं. धक्क्याची लाट खालून येते, वरच्या मोकळ्या पृष्ठभागावर आपटून उलटी फिरते आणि दोन्ही लाटा तिथं एकमेकींचा दाब बराचसा मारतात. वेग मात्र शिल्लक राहतो. घोंगड्यावर जोंधळं वाळत घातलंय आणि कुणी खालून थाप मारली, तर वरचे दाणे उडतात पण फुटत नाहीत, तसंच काहीसं. म्हणून चंद्रावरून आलेले दगड बहुतेक वरच्या काही मीटरांतलेच निघतात. त्यासाठी फार मोठं विवरही लागत नाही, एखाद्या किलोमीटरचं चालतं.

पुढचा प्रवास सरळ नसतो. काही दगड थोडक्या काळात पृथ्वीवर येतात, काही सूर्याभोवती फेऱ्या मारत लाखो वर्षं भटकतात. हे कळतं वैश्विक किरणांमुळे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान कणांमुळे. उघड्या अवकाशात त्यांचा मारा दगडातल्या अणूंवर होतो, नवी समस्थानिकं, म्हणजे मूलद्रव्यांचे वेगळ्या वजनाचे अणू, तयार होतात. ती मोजली की दगड किती काळ बाहेर होता याचा हिशेब लागतो.

हे दगड चंद्राचेच, हे ठरलं अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमांमुळे. १९६९ ते १९७२ या काळात अंतराळवीरांनी ३८२ किलो खडक-माती आणली, म्हणजे ताडून बघायला अस्सल नमुना हाताशी आला. जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकातल्या ॲलन हिल्स भागात बर्फावर जेमतेम ३१ ग्रॅमचा एक दगड सापडला. दगडाच्या करड्या-काळ्या अंगात फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे तुकडे, अगदी अपोलोच्या दगडांसारखे. खनिजातलं लोह-मँगनीजचं प्रमाणही चंद्राचंच. त्यानंतर मंगळावरूनही दगड येऊ शकतात, हे मानायला लोक तयार झाले. माझ्या मते अख्ख्या विषयातला सगळ्यात मोलाचा दगड हाच.

आता तुम्हाला कुठं सापडलेला दगड चंद्राचा वाटला, तर त्याबद्दल. मागं एकजण पिशवीतून मुठीएवढा काळा गोळा घेऊन आला. "सर, लई जड हाय, चुंबक बी चिकटतंय!" फोडलेल्या बाजूनं काचेसारखी चकाकी, आत मटारएवढे बुडबुडे, एका कोपऱ्यात गंजलेला लोखंडाचा थेंब. शिरोलीच्या एमआयडीसीकडं सापडला म्हणाला, तेव्हाच उलगडा झाला. फौंड्रीचा स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना उरलेला मळ. आपल्याकडं फौंड्र्या इतक्या, की असले 'आकाशातले' दगड बांधावरही मिळतात. शिवाय चंद्राच्या दगडात धातूचं लोखंड जवळपास नसतंच, त्यामुळं चुंबक चिकटला तर उलट संशय घ्यावा. खरा चंद्राचा दगड कोल्हापूरच्या रानात पडला तरी ओळखायचा कसा? आपला सगळा मुलूखच काळ्या कातळाचा, आणि चार पावसाळ्यांत त्याची वरची जळकी कवची ओळखू येईनाशी होणार. म्हणून असे दगड शोधायला लोक अंटार्क्टिकाच्या बर्फावर, सहारात, ओमानच्या वाळवंटात जातात. चंद्राचा म्हणून ओळखलेला एकही दगड पडताना कुणी पाहिलेला नाही, सगळे नंतर सापडलेले.

"मग पृथ्वीचा दगड चंद्रावर जातो का?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. आपल्याकडून सुटणं फार अवघड, पण अशक्य नाही. २०१९ मध्ये काही संशोधकांनी अपोलो १४ नं आणलेल्या एका दगडातला छोटा तुकडा मूळचा पृथ्वीचा असावा, असं मांडलं. ते सगळ्यांना पटलेलं नाही. मलाही अजून पुरतं पटलेलं नाही, पण पोरांना सांगायला मात्र मी चुकत नाही.