नारळ कुठे पडणार?

आज दापोलीच्या नव्या घराचा नकाशा घेऊन सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी कागद फिरवून पाहिला नि म्हणाले, "घर पुण्यात बांधतोयस काय रे?"

छपराला उतार जेमतेम १५ अंश. मंगलोरी कौलांना निदान ३० तरी हवा, नाहीतर वाऱ्याच्या जोराने पाणी सांध्यातून उलटं चढतं. छप्पर भिंतीबाहेर फक्त एक फूट! इथला पाऊस आडवा येतो, जांभ्याची भिंत सगळं पिऊन टाकणार. अडीच फूट सोड म्हणाले.

पडवीवर मात्र पत्राच घालायचाय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या आळीतले पत्रे कुठल्या कुठे गेले होते. उघड्या पडवीत वारा खालून शिरतो आणि पत्रा उचलतो. शिवाय खाऱ्या हवेत पत्र्याआधी स्क्रू गंजतात. मी पत्र्याचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता, स्क्रूचा विचारच नव्हता. आता स्टेनलेस स्टीलचे, रबरी वॉशर लावून.

निघताना काका म्हणाले, "आणि तो माड?"

माड नकाशात दाखवलाच नव्हता. बरोब्बर स्वयंपाकघराच्या कौलांवर झुकलाय. आई म्हणते तोडायचा नाही. उद्या नकाशा पुन्हा काढायचा.