मामांची उधारी आणि 'डॅश ई एल'

जूनचा पहिला आठवडा, पेरणीची धांदल, आणि नेमका तेव्हाच मामांच्या खत-बियाण्यांच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर बसला. हार्ड डिस्क मात्र वाचली. मामेभावाने सगळं नव्या लॅपटॉपवर घेतलं, मराठी दिसावं म्हणून जुना फॉन्टही टाकला, उधारीचा प्रोग्रॅम उघडला, तर समोर एकच चौकट: 'फाईल मिळाली नाही'. कुठली फाईल, कुठे शोधली, काही पत्ता नाही. प्रोग्रॅम लिहून देणाऱ्याचा फोन लागत नाही, सोर्स कोड कुणाकडेच नाही. त्या चौकटीत फाईलचं नाव दाखवायला कितीसं लिहावं लागलं असतं? मला याचा अजून राग येतो.

भावाने प्रोग्रॅमची एक्झी फाईल मला पुण्याला पाठवली. माझ्याकडे उबुंटू, म्हणजे लिनक्स. म्हटलं, फाईलमधला वाचता येणारा मजकूर छापणारी 'स्ट्रिंग्ज' कमांड चालवू, फाईलचं नाव आत लिहिलेलं असणारच, पाच मिनिटांचं काम.

दोन रात्री गेल्या.

साडेसहा हजार ओळी बाहेर पडल्या. बहुतेक कचरा: चार-पाच अक्षरांचे अर्थहीन तुकडे. 'फाईल' हा शब्द देवनागरीत शोधला, नाही. कसा असेल? जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण फाईलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. 'डी कोलन', 'सी कोलन' शोधलं, काही नाही. मग वाटलं, एक्झी दाबून पॅक केली असेल. (तसं असेल तर यादीत 'यूपीएक्स०', 'यूपीएक्स१' अशी नावं दिसतात, आधी यूपीएक्स या पॅक करणाऱ्या प्रोग्रॅमनेच ती उलगडायची.) तसंही नव्हतं. दुसऱ्या रात्री मामांचा फोन: "अगं, लोक पैसे द्यायला येतायत आणि किती घ्यायचे तेच मला माहीत नाही." यावर मी काय बोलणार?

खूण पहिल्या रात्रीपासून डोळ्यासमोर होती. यादीत 'एमएसव्हीबीव्हीएम६०' हे डीएलएलचं (प्रोग्रॅमला लागणाऱ्या जोडफाईलचं) नाव होतं, म्हणजे प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक ६ मधला. व्हीबी ६ कोडमधला मजकूर यूटीएफ-१६ मध्ये ठेवतं, प्रत्येक अक्षराला दोन बाइट. एकेक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये फाईल उघडली आणि स्वच्छ दिसलं: ४४ ०० ६१ ०० ७४ ०० ६१ ००. इंग्रजीतला 'डेटा' शब्द, प्रत्येक अक्षरामागे एक शून्य बाइट. स्ट्रिंग्ज कमांड काही सांगितलं नाही तर एकेका बाइटचं अक्षर धरते आणि सलग चार वाचता येणारी अक्षरं मिळाली तरच ओळ छापते. इथे दर अक्षरानंतर शून्य येऊन साखळी तुटत होती. हवा असलेला सगळा मजकूर फाईलमध्ये होता, आणि मी तो सोडून बाकीचं सगळं वाचत बसले होते.

'डॅश ई', जागा सोडून लहान 'एल'. एल म्हणजे लिटल एंडियन, दोन बाइटांपैकी खालचा बाइट आधी. कमांडला एवढंच जोडलं आणि चारशेच्या आसपास ओळी आल्या, बहुतेक वाचता येण्याजोग्या. मराठी संदेशांचे तुकडेच आले, कारण १२७ च्या पुढचं अक्षर लागलं की ही कमांड तिथे ओळ तोडते. पण मध्येच एक लांब ओळ: प्रोव्हायडर, मायक्रोसॉफ्ट जेट ४.०, डेटा सोर्स, आणि पुढे डी ड्राइव्हवरच्या एमडीबी फाईलचा, म्हणजे उधारीच्या डेटाबेसचा, पूर्ण पत्ता. शेजारीच डेटाबेसचा पासवर्ड, उघडाच. पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, तो असा कुणालाही वाचता येतो.

नव्या लॅपटॉपवर डी ड्राइव्हच नव्हता! विंडोजच्या 'सबस्ट' कमांडने सी मधल्या फोल्डरला डी हे नाव दिलं. हे नाव लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही, म्हणून ती ओळ बॅच फाईलमध्ये (कमांड लिहून ठेवायच्या फाईलमध्ये) घालून स्टार्टअपमध्ये ठेवली. प्रोग्रॅम 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करू नका, तसं चालवलं तर त्याला हा डी दिसत नाही.

विंडोज हाताशी असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं 'स्ट्रिंग्ज' वापरा, ते दोन्ही प्रकारचा मजकूर आपणहून शोधतं. प्रोग्रॅम चालू शकत असेल तर त्याच संचातलं 'प्रोसेस मॉनिटर' लावा, न सापडलेल्या फाईलचा पत्ता सरळ दिसेल. हे मला पहिल्याच रात्री सुचायला हवं होतं. आणि अनोळखी फाईलवर लिनक्सवरची जुनी (जीएनयू) 'स्ट्रिंग्ज' चालवत असाल तर 'डॅश ए' लावा. नाहीतर ती फाईलची रचना उलगडायला जाते आणि त्यातच धोका आहे, हे २०१४ मध्ये सुरक्षा-संशोधक मिखाल झालेव्स्की यांनी दाखवून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावाने फोन स्पीकरवर टाकून प्रोग्रॅम उघडला. मामा एकेक खातं मोठ्याने वाचत गेले, मग म्हणाले, "मागच्या खरिपापर्यंतचं सगळं आहे गं." मी लगेच एमडीबीची एक प्रत मागवून घेतली.