ऐंशीवर थांबा

दुपारी जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला, तर कोपऱ्यातला आकडा ऐंशीवर बसलेला. पिन घट्ट, बटण चालू, तरी ढिम्म हलेना. बॅटरी जास्त दिवस टिकावी म्हणून चार्जिंग थांबवलंय, अशी बारीक अक्षरांतली सूचना खाली होती. मला न विचारता. सूचना वाचूनही मी पिन काढून पुन्हा खोचून पाहिलीच. आपल्याकडे कोणतीही वस्तू एकदा काढून लावल्याशिवाय बिघडली असं मानत नाहीत.

शास्त्र मला पटलेलं आहे, वाद तिथे नाही. लॅपटॉप-मोबाइलमधल्या लिथियम-आयन बॅटरीचा सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टवर जातो आणि तिथे तासन् तास ताटकळत ठेवला की आतल्या आत झिजत राहतो. म्हणून वीसच्या फार खाली जाऊ द्यायचं नाही, रोज शंभर गाठायचे नाहीत, महिनाभर कपाटात ठेवायचा असेल तर निम्मा भरून बंद करून ठेवायचा. शेवटचे वीस टक्के रांगत येतात, कारण सेल भरत आला की चार्जर करंट कमी करत जातो. ‘पूर्ण उतरू दे, मगच लाव’ हा जुन्या मोबाइलच्या काळातला सल्ला निकेल-कॅडमियमच्या बॅटरीचा. ती बॅटरी गेली, सल्ला मात्र काकालोकांच्या तोंडी अजून ठणठणीत आहे. एकूण काय, दोन घास कमी जेवून पानावरून उठायचं.

आता हे अकोल्यातल्या माणसाला सांगा!

आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड यायचा. आला की घरातलं भांडं न् भांडं भरायचं: ड्रम, हंडे, कळशा, बादल्या, शेवटी पातेली आणि पाहुण्यांसाठी काढून ठेवलेला स्टीलचा जग. ड्रम काठोकाठ भरून पाणी अंगणात सांडायला लागलं की मगच आई नळीवरचा हात सोडायची. कोणी चार बोटं रिकामी ठेवून नळ बंद केला असता तर त्या पोराची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं असतं. पुढे २००५च्या सुमारास भारनियमन सुरू झालं, तेव्हा विजेचंही तेच झालं. लाइट आहे तोवर मोटर लाव, मिक्सर फिरव, इस्त्री कर, मोबाइल लाव. लाइट आहे तोवर, हे आमच्या घरातल्या अर्ध्या वाक्यांचं पहिलं पालुपद होतं.

मग बाबांनी इन्व्हर्टर घेतला आणि रविवारची दुपार त्याला वाहिली. बॅटरी जिन्याखाली. मी टॉर्च धरायचो. बाबा एकेक झाकण फिरवून काढायचे, आतल्या तरंगत्या काडीवरची लाल खूण दिसली की डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमधून छोट्या नरसाळ्याने बारीक धार सोडायचे, काडी हिरव्यापर्यंत वर आली की थांबायचे. फिल्टरचं पाणी चालणार नाही, ही ताकीद दर वेळी, जणू मी खिशात फिल्टर घेऊन बसलोय. टर्मिनलवर पांढरट-हिरवा खरपुडा धरलेला असायचा. त्यावर खायच्या सोड्याचं कोमट पाणी टाकलं की फसफसायचं, आणि तेवढ्यासाठी मी अख्खा रविवार टॉर्च धरायला तयार असे. मग जुन्या टूथब्रशने घासणं, कोरडं पुसणं, वरून व्हॅसलीनचं बोट. शेवटी बाबांचं ठरलेलं वाक्य: “बॅटरी अर्धी ठेवू नये, अर्धी ठेवली की मरते.”

बाबांचं शंभर टक्के बरोबर होतं. शिसं-आम्लाची बॅटरी अर्धवट भरलेली पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती भरता भरत नाही. तिला पूर्ण भरलेलंच आवडतं. म्हणजे ज्या घरात मी वाढलो तिथलं पाणी, वीज आणि बॅटरी, तिघांनीही एकच शिकवलं होतं, आणि आता मांडीवरचं हे यंत्र मला ऐंशीवर थांबायला सांगतंय.

त्याआधीची पिढी तर आणखी हट्टी. आजोबांच्या ट्रान्झिस्टरचे सेल संपले की ते कुंपणाच्या भिंतीवर उन्हात ओळीने मांडायचे. शेजारी आईच्या कुरडया. ऊन खाल्लेले सेल संध्याकाळच्या बातम्यांपुरते उठायचे, मधेच निवेदकाचा आवाज घोगरा होत जायचा. बरं, ते खोटंही नव्हतं. ऊब मिळाली की मेलेला सेल थोडा वेळ धुगधुगतो. तेच ऊन टॅबलेटला दाखवलं तर मात्र संपलंच.

कारण या नव्या बॅटऱ्यांचा खरा वैरी शंभर टक्के नाहीच, उष्णता आहे. माहितीपत्रकात छापलेलं असतं, ३५ अंशांपेक्षा जास्त तापमानात वापरू नका. लिहिणारा भला माणूस असेल, पण त्याने आमचा मे काढलेला नाही. ४५ अंशांत इथे पंख्याचं बटणसुद्धा कोमट लागतं. कूलरसमोर ठेवावा तर वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती दमट हवा. गावातला दुरुस्तीवाला उन्हाळ्यात फुगलेल्या बॅटऱ्यांची चवड लावून बसलेला असतो. शेजारच्या मुलाचा लॅपटॉप त्याने उलटा केला तेव्हा टचपॅड खालून ढकललं जाऊन वर आलं होतं. “रातंदिस गादीवर ठेवून चार्जिंगले लावता ना?” एवढंच विचारलं त्याने. मुलगा गप्प. घरून काम करणाऱ्यांचं दुसरं काय होणार?

दिवाळीत पुण्याहून भाचा आला आणि त्याने आईच्या टॅबलाही ऐंशीची मर्यादा घालून दिली. आई त्यावर कीर्तनं ऐकते. दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं.

“काऊन रे, माह्याच टॅबले कमी चार्जिंग काऊन?”

भाच्याने समजावलं. १९९१ साली सोनीने ही बॅटरी बाजारात आणली, २०१९ मध्ये तिघांना तिच्यासाठी नोबेल मिळालं, त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, गेले तेही शंभरी गाठून. आईने सगळं मन लावून ऐकलं.

“मंग त्यायनं सोताचा टॅब किती टक्क्यावर ठेवला होता?”

भाचा हसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ऐंशीवर ठेवला तर जास्त वर्षं टिकेल, आजी. चार वर्षं, पाच वर्षं, नीट वापरला तर आणखी.

“माह्यापेक्षा जास्त टिकवून का करतं त्याले?” ती म्हणाली, आणि चष्मा शोधायला आत गेली.

भाचा पुण्याला परतला त्या संध्याकाळी मी ती सेटिंग काढून टाकली. पुढच्या दिवाळीत तो विचारेल, तेव्हा बघू.