दहा सत्रांचा तक्ता : कॉम्प्युटर सायन्सच्या दोन पदव्यांचे नियोजन

बारावीचा निकाल २०१९ साली लागला तेव्हा आमच्या घरात कॉम्प्युटरचे शिक्षण घेतलेले कोणी नव्हते. जुन्नर तालुक्यात आमची टोमॅटोची शेती आहे आणि नारायणगावच्या बाजारात भाव किती निघाला यावर वर्षाचा खर्च ठरतो. इंजिनिअरिंगची फी भरणे आम्हाला झेपणारे नव्हते, हे कोणी स्पष्ट बोलले नाही तरी मला कळत होते. त्यामुळे पुण्याला जाऊन तीन वर्षांची पदवी आणि नंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यायची, एवढेच मनाशी ठरले होते. त्या दोन पदव्यांचा एकमेकींशी काय संबंध असतो आणि पहिलीत केलेली निवड दुसरीचे कोणते दार बंद करते, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर माझा बराच त्रास वाचला असता. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत त्या वर्षी माझ्यासमोर तीन नावे होती : बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स), बी.सी.ए. (सायन्स) आणि बी.बी.ए. (सी.ए.). तिन्हींमध्ये प्रोग्रामिंग शिकवतात, तिन्हींनंतर कंपन्यांमध्ये नोकरी मिळते आणि माहितीपत्रके वाचून फरक लक्षात येत नाही. शेवटच्या नावातल्या 'सी.ए.'चा अर्थ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन असा आहे, हेही अनेक पालकांना खिडकीपाशी रांगेत उभे राहिल्यावर कळत होते. माझ्या मामांनी त्या दिवशी एक साधा प्रश्न विचारला : "यात गणित कशात जास्त आहे?" मामा प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत आणि त्यांना कॉम्प्युटरमधले काही कळत नाही, असे ते स्वतःच सांगतात. पण त्या प्रश्नामुळे मी बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) निवडले, कारण तिथे पहिल्या वर्षाला कॉम्प्युटर सायन्सबरोबर गणित, इलेक्ट्रॉनिक्स आणि संख्याशास्त्र हे विषय होते. नंतर पदव्युत्तर प्रवेशाच्या पात्रतेच्या अटी वाचताना 'पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र हा विषय असावा' ही ओळ मला वारंवार दिसली आणि प्रत्येक वेळी मामांची आठवण झाली. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमधल्या (एनआयटींमधल्या) एम.सी.ए.साठी होणाऱ्या निमसेट परीक्षेला ही अट आहे.

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, मार्च २०२०मध्ये, टाळेबंदी लागली आणि मी गावी परतले. गच्चीच्या एका कोपऱ्यात रेंज येत असे, तिथे बसून तासांना हजेरी लावली. या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पण दुपारी वेळ असे, आणि त्याच वेळात मी पहिल्यांदा वहीच्या मधल्या जोडपानावर दहा रकाने आखले. सहा सत्रे पदवीची, चार पदव्युत्तरची. वरच्या ओळीत त्या सत्राचे विषय, मधल्या ओळीत त्या काळात येणाऱ्या प्रवेशपरीक्षा आणि खालच्या ओळीत लागणारी कागदपत्रे. वरची ओळ अभ्यासक्रमाची पीडीएफ पाहून तासाभरात भरली. खालच्या दोन ओळी भरायला मला दोन वर्षे लागली, आणि माझ्या चुका झाल्या त्या याच दोन ओळींत.

तक्ता आखल्यामुळे पहिली गोष्ट दिसली ती अशी, की आमच्या अभ्यासक्रमात गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स दुसऱ्या वर्षाच्या शेवटी संपत होते. तिसऱ्या वर्षाला सगळे विषय कॉम्प्युटरचेच होते. वर्गातल्या बहुतेकांना याचा आनंद होता. मलाही झाला होता, पण तो फार दिवस टिकला नाही. दुसऱ्या वर्षाच्या एका चाचणीत 'एन' व्हर्टेक्स असलेल्या ट्रीला 'एन वजा एक' एज असतात हे सिद्ध करा, असा प्रश्न होता. (ट्री म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची, कुठेही बंद फेरा नसलेली सलग आकृती; बिंदू म्हणजे व्हर्टेक्स आणि रेषा म्हणजे एज.) मी चार, पाच आणि सहा व्हर्टेक्सच्या तीन ट्री सुबक काढल्या, एज मोजून दाखवल्या आणि खाली 'म्हणून सिद्ध' असे लिहिले. बाईंनी समासात लाल शाईने लिहिले होते : "ही उदाहरणे झाली. सिद्धता कुठे आहे?"

मी त्यांना तासानंतर भेटले. त्यांनी फळ्यावर एक ट्री काढली आणि टोकाचे एक पान, म्हणजे एकाच एजने जोडलेला व्हर्टेक्स, पुसून टाकले. पान गेले की त्याला जोडणारी एक एजही जाते, उरते ती एका व्हर्टेक्सने लहान असलेली ट्रीच, आणि लहान ट्रीसाठी विधान खरे धरलेले असल्यामुळे तिथे 'एन वजा दोन' एज असतात. पुसलेली एक परत मिळवली की झाले. मला पटले आणि मी वही मिटायला लागले, तेव्हा त्यांनी विचारले, "पण प्रत्येक ट्रीला असे पान असतेच कशावरून?" याचे उत्तर शोधायला मला पूर्ण रात्र लागली. ट्रीमधली सर्वांत लांब वाट घ्यायची. तिच्या टोकाला असलेल्या व्हर्टेक्सला आणखी एखादी एज असती तर एक तर वाट आणखी लांबली असती किंवा बंद फेरा तयार झाला असता. वाट सर्वांत लांब असल्यामुळे पहिले शक्य नाही आणि ट्रीमध्ये फेरा नसल्यामुळे दुसरे. इतके लहान उत्तर स्वतःला सापडल्यावर जो आनंद झाला, तो मला चालणारा प्रोग्राम पाहून कधी झाला नव्हता. त्यानंतर मी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडून पाहिल्या. तिथे बहुतांश प्रश्न याच जातीचे होते, आणि पदव्युत्तर शिक्षण म्हणजे पदवीचाच अभ्यास आणखी दोन वर्षे, ही माझी समजूत त्या दिवशी गेली. तक्त्याच्या पाचव्या आणि सहाव्या रकान्यात, जिथे महाविद्यालयाने गणित ठेवलेले नव्हते, तिथे मी स्वतःच्या हाताने 'डिस्क्रीट, लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी' असे लिहिले आणि दर रविवारी सकाळी त्याचाच अभ्यास केला.

मधल्या ओळीतली माझी पहिली चूक गेटची, म्हणजे एम.टेक.साठी लागणाऱ्या परीक्षेची, होती. तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला गेट देता येते आणि गुणांक तीन वर्षे ग्राह्य असतो, एवढे वाचून मी फेब्रुवारी २०२२ची परीक्षा दिली. प्रश्नपत्रिकेत ६५ प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यांतले १५ गुण सामान्य क्षमतेचे आणि १३ गणिताचे. आम्हाला थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्स पाचव्या सत्रात होते, पण कंपायलरचा विषय सहाव्या सत्रात होता आणि परीक्षेपर्यंत तो जेमतेम सुरू झाला होता. गुण बेताचे आले. पण खरी अडचण गुणांची नव्हती. ज्या एम.टेक. अभ्यासक्रमांकडे माझे डोळे लागले होते, त्यांतल्या बहुतेकांना बी.ई., बी.टेक. किंवा एम.एस्सी., एम.सी.ए. अशी पात्रता लागत होती. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर परीक्षेला बसता येते, पण प्रवेश मिळेलच असे नाही. परीक्षेची पात्रता आणि प्रवेशाची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी प्रत्येक संस्थेच्या माहितीपुस्तिकेत स्वतंत्रपणे वाचावी लागते. मी पहिलीच वाचली होती.

दुसरी चूक कागदपत्रांची झाली आणि तिचे मला जास्त वाईट वाटले. माझ्याकडे जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र दोन्ही होते आणि महाविद्यालयाच्या प्रवेशाला ते चालले होते. २०२२च्या उन्हाळ्यात एका केंद्रीय संस्थेच्या पडताळणीत ते नाकारले गेले, कारण केंद्राच्या प्रवेशासाठी इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षात काढलेले असावे लागते. माझे राज्याच्या नमुन्यातले होते. मला तीन दिवसांची मुदत मिळाली. वाकडेवाडीहून पहाटेची एसटी पकडून मी जुन्नरला गेले, माझे वडील, आप्पा, सेतू केंद्राबाहेर आधीच येऊन थांबले होते. अर्ज दाखल झाला, पण प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत मुदत संपून गेली होती. त्या दिवशी परतताना आप्पा म्हणाले, "बाई, आधी सांगितलं असतं तर मी एप्रिलमध्येच काढून ठेवला असता." ते बरोबर होते. हा दाखला एप्रिलनंतर शांतपणे काढता येतो. निकालानंतरच्या गर्दीत मात्र हाल होतात. तेव्हापासून तक्त्याच्या खालच्या ओळीत दरवर्षी एप्रिलखाली तो लिहिलेला आहे. त्याच ओळीत स्थलांतर प्रमाणपत्रही आहे, कारण पुणे विद्यापीठातून बाहेर जाताना ते लागते.

याच वर्षी केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशांसाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा पहिल्यांदा झाली आणि ती सप्टेंबरमध्ये होती. पुण्यातल्या एम.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स)चा प्रवेश तोपर्यंत थांबणार नव्हता. मी पुण्यातला प्रवेश घेतला. ओढूनताणून घेतलेला निर्णय तो नव्हता. गावापासून तीन तासांचे अंतर, खोलीभाडे ओळखीचे, आणि ज्या बाईंनी समासात लाल शाईने लिहिले त्या पंधरा मिनिटांवर राहत होत्या. प्रवेश ठरवताना अशा गोष्टींनाही वजन द्यावे, असे माझे मत आहे.

एम.एस्सी.ची आखणी मी अधिक नीट केली. आमच्या अभ्यासक्रमात चौथे सत्र पूर्णवेळ औद्योगिक प्रशिक्षणाचे होते, म्हणजे जानेवारी २०२४पासून रोज नऊ ते सहा कंपनीत जावे लागणार होते आणि गेट फेब्रुवारीत होती. हे पहिल्याच सत्रात तक्त्यावर दिसल्यामुळे गेटचा अभ्यास डिसेंबरच्या आत संपवायचा, असे दीड वर्ष आधी ठरवता आले. यावेळी कंपायलर, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम हे सगळे विषय दोनदा शिकून झालेले होते. डिजिटल लॉजिकला इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या वह्या उपयोगी पडल्या. त्या रद्दीत घालायच्या राहिल्या होत्या. मार्चमध्ये निकाल लागला तेव्हा प्रशिक्षण चालू असलेल्या कंपनीने मला नोकरी देऊ केली होती.

तो महिना कठीण गेला. घरी पैशाची गरज होती आणि पगार चांगला होता. एम.टेक.ला गेट उत्तीर्ण विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, हे मी आईला समजावून सांगितले. आयआयटींचे प्रस्ताव कोॲप या पोर्टलवर येतात आणि एनआयटींचे प्रवेश सीसीएमटी या सामाईक प्रवेशप्रक्रियेमार्फत होतात. कोॲपवर प्रस्ताव स्वीकारून थांबायचे, तो हातात ठेवून पुढची वाट पाहायची किंवा नाकारून वाट पाहायची, असे तीन पर्याय असतात. सीसीएमटीमध्ये मात्र पसंतीक्रम भरण्याआधी त्या विभागाला एम.एस्सी. चालते की नाही, हे एकेक अभ्यासक्रम उघडून पाहावे लागले. मी ३१ अभ्यासक्रम पाहिले आणि त्यांतले जे चालणारे नव्हते ते तक्त्यामागे लाल पेनने लिहून ठेवले. जुलैमध्ये एका एनआयटीत प्रवेश मिळाला. यावेळी पडताळणीला केंद्राच्या नमुन्यातला, एप्रिलमध्ये काढलेला दाखला होता आणि टेबलावरच्या कर्मचाऱ्याने तो पाच सेकंदांत पाहून परत दिला.

आता यंदा माझा चुलतभाऊ बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्यापुढचा प्रश्न माझ्यापेक्षा वेगळा आहे. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि तो पहिल्याच तुकडीत आहे. तीन वर्षांनंतर १२० ते १३२ क्रेडिट (अभ्यासाचे एकक) घेऊन पदवी घेता येते, किंवा चौथे वर्ष करून १६० ते १७६ क्रेडिटची ऑनर्स पदवी घेता येते, आणि चार वर्षांनंतर एम.एस्सी. एका वर्षाची होते. दोन्ही वाटांनी पाच वर्षेच लागतात. संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत.

त्याच्या वर्गातले अनेकजण चौथे वर्ष म्हणजे आपोआप पुढे सरकणे, असे धरून चालले आहेत. मला ते पटत नाही. महाविद्यालयात संशोधन करणारा मार्गदर्शक शिक्षक आणि चांगली प्रयोगशाळा असेल, तर चौथे वर्ष तिथे करण्यात फायदा आहे. तसे नसेल तर तीन वर्षांनी बाहेर पडून अधिक सक्षम विभागात दोन वर्षांची एम.एस्सी. करावी, कारण पाचपैकी दोन वर्षे चांगल्या ठिकाणी जातात. दुसऱ्या वाटेने तिथे एकच वर्ष मिळते. शिवाय एका वर्षाची एम.एस्सी. नेमकी कुठे चालते आणि तिथे बाहेरच्या विद्यार्थ्यांना किती जागा आहेत, हे चौथ्या वर्षाला नाव नोंदवण्याआधी विचारून घेतले पाहिजे.

दिवाळीत तो माझी जुनी वही घेऊन बसला होता. त्याने नव्या पानावर दहा रकाने आखले, सातव्या आणि आठव्या रकान्यात पेन्सिलने दोन-दोन शक्यता लिहिल्या, आणि दोन्हींच्या खाली, एप्रिलच्या जागी, मी काही न सांगता दाखल्याचे नाव शाईने लिहिले. मग मला विचारले, "ताई, ते पान असतेच कशावरून, याचं उत्तर काय होतं?" मी त्याला सांगितले नाही. एक ट्री काढून दिली आणि पेन्सिल त्याच्याकडे सरकवली.