बाईंनी न खोडलेल्या ओळी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे समितीचे पत्र आले तेव्हा शाळेविषयी पुष्कळ लिहिता येईल असे वाटले होते; पण लिहायला बसल्यावर मराठीच्या बाईंखेरीज दुसरे काही सुचेना. इतर गुरुजनांनी मला क्षमा करावी. बाईंचे नाव लिहिण्याचीही गरज नाही, कारण त्यांच्या लाल शाईची धास्ती घेतलेली अख्खी पिढीच ही स्मरणिका वाचणार आहे.

वार्षिक हस्तलिखिताचे काम बाईंकडे असे. एका वर्षी आमच्या वर्गातल्या मुलाने त्यासाठी कविता दिली. त्याचा धाकटा भाऊ नुकताच दीर्घ आजाराने गेला होता, आणि एवढी प्रार्थना करूनही तू कुठे होतास, असे त्याने देवाला कवितेत रोखठोक विचारले होते. शेवटच्या ओळी मुलांच्या अंकात शोभत नाहीत, त्या गाळाव्यात, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सुचवले. बाई स्वतः अत्यंत श्रद्धाळू, त्यामुळे त्या होकार देतील अशीच सर्वांची अटकळ होती. त्यांनी कागद पुढे ओढला, 'नाहिस' असे लिहिले होते तिथली वेलांटी दीर्घ केली, राहिलेला एक अनुस्वार दिला आणि बाकी एकाही शब्दाला हात न लावता तो सुवाच्य अक्षराच्या मुलीकडे उतरवायला सोपवला. त्या गृहस्थांना त्या एवढेच म्हणाल्या, "जाब विचारायचा तर समोर कोणीतरी आहे, असे आधी मानावे लागते." नंतरच्या तासाला त्यांनी जनाबाईंचे अभंग काढले आणि विठ्ठलाला खडसावणारी ही स्त्री भक्त कशी, यावर त्या घंटा होईपर्यंत बोलत राहिल्या. त्या दिवशीचे व्याकरण राहिले ते राहिलेच.

दुःखाने प्रतिभा फुलते, हे वाक्य मात्र त्यांना मुळीच खपत नसे. तसे असते तर घरोघरी कवी निघाले असते, असे त्या म्हणत. मी आज संपादनाचे काम करतो आणि होतकरू लेखकांची बाडे वाचताना हे मला वारंवार पटते. वेदना कोणाच्याही वाट्याला येते. तिच्याविषयी लिहिताना ऐकणाऱ्याला रुचेल असे काही मिसळायचे नाही, हे पथ्य अवघड असते आणि माझ्या मते नैतिक धैर्याचा खरा कस तिथेच लागतो.

रशियन कवयित्री आना आख्मातोवा यांची हकिकत वाचली तेव्हा मी ती बाईंना पत्राने कळवली होती. स्टालिनच्या दडपशाहीच्या काळात मुलाला अटक झाल्यानंतर त्या सतरा महिने लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर रांगेत उभ्या राहिल्या. त्या अनुभवातून उतरलेले 'रेक्विएम' हे काव्य कागदावर ठेवणे जिवावरचे होते, म्हणून त्या ओळी चिठोऱ्यावर लिहून मैत्रिणीच्या हाती देत, ती मुकाट्याने पाठ करी आणि मग चिठोरा रक्षापात्रात जाळला जाई. काव्य 1963 मध्ये म्युनिकला छापले गेले, त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र 1987 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. त्यात ख्रिस्ताच्या क्रूसाजवळ उभी असलेली आई आहे, आणि तिच्याकडे नजर टाकण्याचे धाडस कोणालाही होत नाही. श्रद्धा आहे, पण सांत्वन उरकून घेण्याची घाई नाही. बाईंचे उत्तर आले, त्यात कवयित्रीच्या स्तुतीला एकच वाक्य होते. पाठ करणाऱ्या त्या मैत्रिणी कोण, त्यांची नावे कळव, असे पुढे लिहिले होते. मी लिदिया चुकोव्स्काया यांच्याविषयी मिळाली तेवढी माहिती पाठवली.

शाळेचा अंक आता संगणकावर तयार होतो आणि देखणा असतो, यात शंका नाही. मात्र अलीकडे पाहिलेल्या एका अंकात सगळ्याच मुलांचे दुःख शेवटच्या कडव्यात आशेच्या किरणापाशी पोहोचते, तेव्हा कोणीतरी खोडरबर फिरवल्याचा संशय येतो. (संपादकाचा हा धंदेवाईक दोष समजावा.)

बाईंच्या काळातली हस्तलिखिते ग्रंथालयाच्या कपाटात अजून असतील, तर समितीने ती स्कॅन करून ठेवावीत, ही विनंती. खर्चाचा वाटा उचलण्यास मी तयार आहे. त्या कवितेचे पान सापडले तर त्याची प्रत प्रथम तिच्या कवीला द्यावी. त्याने पुढे काही लिहिले नाही आणि त्याच्याकडे तीही उरलेली नाही.